सोय नाही, की सोयीचे नाही?

मुलींनी इंजिनिअर व्हावे, असे आता बारामतीत आणि इंदापुरात कुणीही व्यासपीठावरून सांगतो. ८ मार्चला तर हमखास सांगतो. पण एखादी मुलगी जेव्हा विचारते, 'मी पेट्रोलियम इंजिनिअरिंगला जाऊ का?', तेव्हा हीच मंडळी एक छोटेसे वाक्य पुढे करतात: 'तिथे मुलींची सोय नसते.' वाक्य काळजीच्या सुरात म्हटलेले असते, म्हणून त्याला कुणी उलट प्रश्न करीत नाही. आईवडील मान डोलावतात, शिक्षक मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. मला या लेखात त्या एका वाक्याचा समाचार घ्यायचा आहे.

सोय ही डोंगर-नदीसारखी निसर्गाने दिलेली गोष्ट नव्हे. सोय कुणीतरी करतो किंवा करीत नाही. स्वतंत्र शौचालय, राहायला खोली, रात्रपाळीनंतर घरी सोडणारी गाडी, तक्रार ऐकणारी समिती, एवढीच ही सोय. कोट्यवधी रुपयांची यंत्रसामग्री उभी करणाऱ्यांना चार भिंती आणि एक दार उभे करता येत नाही, यावर आपण विश्वास ठेवायचा? आणि ज्याने ती करायची त्याला न विचारता मुलीलाच सांगायचे, की बाई, तू दुसरे काही शीक?

मी बारामतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. इंदापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारी एक विद्यार्थिनी मला या संदर्भात नेहमी आठवते. सीईटीत तिला उत्तम गुण होते. पेट्रोलियमच्या शाखेची माहिती तिने स्वतःच मिळवली होती. घरी विचारले तर चुलते म्हणाले, 'पोरीच्या जातीनं समुद्रात जाऊन राहायचं?' मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी सांगितले, 'कॉम्प्युटर घे, एसीत बसशील.' तरीही ती हट्टाने परराज्यातल्या एका कॉलेजात गेली. तिसऱ्या वर्षी सगळ्यांना प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला जायचे होते. मुलांना खोदाईच्या जागी पाठवले. हिला उत्तर आले, की मुक्कामाची सोय नाही. मग हिला ऑफिसात बसवून जुने अहवाल टाइप करायला दिले. शेवटच्या वर्षी मुलाखतीत एका कंपनीने विचारले, 'तुम्हाला खोदाईच्या जागेचा अनुभव का नाही?' दुसरीने विचारले, 'लग्नानंतर काय?' तिच्या शेजारी बसलेल्या मुलाला लग्नाबद्दल कुणी विचारले नाही. आधी अनुभव घेऊ द्यायचा नाही आणि मग अनुभव नाही म्हणून नाकारायचे, अशी ही दुहेरी कात्री आहे. आज ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या सरांच्या म्हणण्यानुसार ती 'शेवटी मार्गाला लागली'!

ही शाखा मुलींना झेपणारी नाही, असाही एक समज आहे. समुद्रात भोक पाडायचे, लोखंडी पाइप ओढायचे, ते दांडग्या पुरुषांचे काम, असे चित्र डोळ्यांपुढे असते. प्रत्यक्षात या शाखेचा गाभा म्हणजे खडक, द्रव आणि दाब यांचा हिशेब. तेल जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले नसते. ते खडकाच्या बारीक छिद्रांत अडकलेले असते. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात जे तेल शोधले, ते चुनखडीच्या थरांत आहे. खडकात छिद्रे किती आहेत, ती एकमेकांना जोडलेली आहेत का, त्यातून द्रव किती वेगाने वाहील, हे मोजायला शिकणे म्हणजे पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकणे. त्याचा मूळ नियम तेलासाठी शोधलेलाच नाही. फ्रान्समधल्या दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या आंरी दार्सी या इंजिनिअरने १८५६ मध्ये वाळूतून पाणी कसे झिरपते याचा नियम मांडला. आजही तेलविहिरीचे गणित त्या नियमावर उभे आहे.

इंदापूरच्या जिरायती पट्ट्यातल्या मुलीला हे परके का वाटावे? बोअर घेताना काळ्या दगडाची धूळ उडताना तिने पाहिलेली असते. एका शेतात पाणी लागते आणि बांधापलीकडे चारशे फुटांवरही लागत नाही, हे तिला ठाऊक असते. बोअर कोरडी गेली की हंडा तिच्याच डोक्यावर येतो. भूगर्भाचा अनुभव तिच्याजवळ आहे. त्या अनुभवाचे शास्त्र मात्र तिच्या भावासाठी राखून ठेवलेले आहे.

मैत्रिणींनो, 'सोय नाही' या वाक्याच्या मागे बरीच वर्षे कायदाही उभा होता. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ६६ ने कारखान्यात स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामाला मनाई केली. १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४६ ने भूमिगत खाणीत स्त्रियांना पूर्ण बंदी घातली आणि जमिनीवरच्या कामातही रात्र बंद केली. या कायद्यातल्या 'खाण' या शब्दाच्या व्याख्येत तेलविहीरही येते, हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणजे विद्यापीठ मुलीला पदवी देत होते आणि कायदा तिला रात्री विहिरीवर उभे राहू देत नव्हता. तेलविहिरीची खोदाई दिवसरात्र चालते, मावळतीला ती थांबवता येत नाही. साहजिकच कंपनीच्या लेखी दिवसापुरती इंजिनिअर म्हणजे अर्धी इंजिनिअर.

हे सारे स्त्रियांच्या रक्षणासाठी होते, असे सांगितले जाते. मग थोडा इतिहास पाहू. १९२९ च्या नियमांनी खाणीत खाली उतरण्यापासून स्त्रियांना टप्प्याटप्प्याने दूर केले. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३ मध्ये सरकारने तीच बंदी उठवली आणि स्त्रियांना पुन्हा खाणीत उतरवले. त्या काळी मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. बंदी उठवण्यावर टीका झाली तेव्हा खाणीत स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व त्यांनी ठामपणे मांडले. युद्ध संपले आणि १९४६ मध्ये बंदी परत आली. बाईचे शरीर या तीन वर्षांत बदलले नव्हते. कोळशाची गरज बदलली होती. गरज असली की बाई खाणीतही चालते, गरज सरली की तिची अब्रू आणि प्रकृती आठवते.

एवढे लांब तरी कशाला जायचे? आपल्या कारखान्यांच्या फाटकाशी या. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, आपल्या दोन तालुक्यांत इतके सहकारी साखर कारखाने. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि बाईची मजुरी त्या एका कोयत्यात विरघळलेली. पहाटे तीन-चारला उठून ती भाकरी थापते आणि फडात जाते. ट्रक रात्री बारा वाजता आला, तर त्याच वेळी मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. तिच्या कोपीला दार नसते. शौचालय नसते. पाळीच्या दिवसांत बदलायला आडोसा नसतो. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

या बाईला कुणी कधी म्हणाले आहे का, की 'फडात बायकांची सोय नाही, म्हणून तुम्ही येऊ नका'? रात्र तिला वर्ज्य नाही. जड ओझे वर्ज्य नाही. परका मुलूख वर्ज्य नाही. फाटकाबाहेर हे सगळे चालते. फाटकाच्या आत, जिथे पाळी ठरलेली असते, हुद्दा असतो, भविष्यनिर्वाह निधी असतो, तिथेच नेमकी सोय संपते. म्हणून मी म्हणते, बाईला रात्रीचे काम कधीच बंद नव्हते. बंद होता तो रात्रपाळीचा पगार आणि त्याबरोबर येणारा अधिकार.

ही भिंत कुणी प्रेमाने पाडून दिलेली नाही. एकेका बाईने धडका देऊन ती खिळखिळी केली. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने थेट जे. आर. डी. टाटांना पत्र लिहून जाब विचारला आणि ती पुण्यात टेल्कोत इंजिनिअर म्हणून रुजू झाली. खाण अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश मिळावा म्हणून चंद्राणी प्रसाद वर्मा यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागले. १९९९ मध्ये त्या पदवीधर झाल्या. डिसेंबर २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने फॅक्टरी कायद्यातली रात्रपाळीची बंदी घटनाविरोधी ठरवली. २०१९ च्या सुरुवातीला केंद्राने खाणींमधली मनाई अटींसह सैल केली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने सर्व आस्थापनांत, सर्व प्रकारच्या कामांत स्त्रियांचा हक्क मान्य केला. रात्रपाळी त्यांच्या संमतीने. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू झाली.

वरच्या खुर्चीवरही स्त्रिया पोचल्या. निशी वासुदेव २०१४ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियमच्या प्रमुख झाल्या, वर्तिका शुक्ला २०२१ मध्ये इंजिनिअर्स इंडियाच्या, आणि २०२२ मध्ये अलका मित्तल यांनी ओएनजीसीचा कार्यभार सांभाळला. त्यांचे कौतुक आहेच. पण शिखरावरच्या तीन नावांनी पायथ्याची वाट आपोआप रुंद होत नाही. कायद्यातली बंदी गेली आणि तिची जागा 'सोय नाही' या तोंडी बंदीने घेतली. कायद्याला न्यायालयात आव्हान देता येत होते. तोंडी बंदीचा कागदच नसतो, मग आव्हान कशाला द्यायचे?

आता शिक्षणाच्या खर्चाकडे वळू. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. गावोगाव फलक लागले. निर्णय चांगलाच आहे. पण त्यातला कंस वाचा. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. पुण्यात पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकवणारी कोथरूडची एमआयटी २०१७ पासून खासगी विद्यापीठ आहे. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात पेट्रोकेमिकल आहे, नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये तेलशुद्धीकरणाचे शिक्षण आहे. पण ही दोन्ही ठिकाणे तेल वर आल्यानंतरचे शास्त्र शिकवतात. तेल शोधण्याचे आणि काढण्याचे शास्त्र शंभर किलोमीटरवरच्या पुण्यात शिकायचे, तर बारामतीच्या शेतकऱ्याच्या मुलीला माफीचा रुपयाही मिळत नाही. फी मोठी असली की घरात निवड होते, आणि ती निवड कुणाच्या बाजूने होते हे मी तुम्हाला सांगायला नको. मुलासाठी कर्ज काढले जाते. मुलीसाठी तेच पैसे लग्नाला राखून ठेवले जातात.

काही मैत्रिणी मला विचारतात, 'तेलाचे युग संपत आले. हवामान बिघडवणाऱ्या धंद्यात आपल्या मुली कशाला ढकलायच्या?' प्रश्न रास्त आहे. पण आपल्या भागात पेट्रोल उसातूनच येऊ लागले आहे, हे लक्षात घ्या. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले, त्यांतली दोन ठिकाणे महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये १० टक्के झाले, २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचले. तुमच्या स्कूटरच्या टाकीत आज जे जळते, त्यात ऊसतोडणी करणाऱ्या बाईचाही घाम आहे. मळी आंबवायची, ऊर्ध्वपातन करायचे, साधारण ९५ टक्क्यांच्या पुढे साध्या ऊर्ध्वपातनाने पाणी निघत नाही म्हणून ते वेगळ्या प्रक्रियेने काढायचे, हे सारे रसायन-तंत्रज्ञानाचे काम. ते शिकवणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पुण्याजवळ मांजरीला आहे. उद्या जमिनीखालची उष्णता वापरायची असो की कार्बन वायू खडकात साठवायचा असो, त्यालाही खडकाचे तेच शास्त्र लागणार. ऊर्जेचा धंदा बदलायचा तर तो आतून ओळखणाऱ्या बाया हव्यात. आपण बाहेर उभे राहून निवेदने देणार आणि आतले तंत्र पुरुषांच्या हाती राहणार, यात बदल कसला?

दुसऱ्या काही जणी म्हणतात, 'हा शिकलेल्या मुलींचा प्रश्न आहे. आपले काम ऊसतोड बायांत.' मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. एकीला सोय नाही म्हणून आत घेत नाहीत, दुसरीला सोय न देताच राबवून घेतात. दोन्हीकडे वाचतो तो मालकाचा खर्च. शौचालय बांधले तर ते दोघींसाठी बांधावे लागेल, आणि डिस्टिलरीत बाई पर्यवेक्षक झाली तर फाटकाबाहेरच्या बाईकडे पाहण्याची नजरही बदलण्याची शक्यता आहे. आपोआप बदलेल असे मी म्हणत नाही. त्यासाठी दोघींची संघटना लागेल.

नव्या संहितेविषयी मात्र सावध राहू या. 'संमतीने रात्रपाळी' हे शब्द कागदावर छान दिसतात. नोकरी जाण्याची भीती असताना दिलेली संमती ही संमती नसते. जुन्या कायद्यात पाळणाघराची सक्ती ३० पेक्षा जास्त स्त्री-कामगार असल्यावर होती, म्हणून मालक स्त्रियांची संख्याच कमी ठेवत. नव्या संहितेत एकूण ५० पेक्षा जास्त कामगार ही अट आहे, तेवढी पळवाट बुजली. पण कामगार कमी दाखवण्याची वाट उघडीच आहे. सुरक्षिततेच्या अटी पाळल्या नाहीत तर तपासायला कोण येणार, हा खरा प्रश्न आहे. स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालयाची सक्ती तर १९४८ च्या कायद्यातही होती! सत्तरहून अधिक वर्षे जो नियम पाळला नाही, तो न पाळल्याचेच कारण देऊन मुलींना नाकारले गेले.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात.

एक, जी शाखा जवळच्या सार्वजनिक महाविद्यालयात नाही, त्या शाखेसाठी खासगी विद्यापीठातल्या मुलींनाही शुल्कमाफी मिळावी.

दोन, विद्यार्थिनीला प्रत्यक्ष जागेवरचे प्रशिक्षण नाकारणाऱ्या कंपनीने कारण लेखी द्यावे, आणि कॉलेजने ते जाहीर करावे. अशा कंपनीला मुलांच्या मुलाखतींसाठीही दार बंद असावे.

तीन, सहकारी कारखान्यांनी डिस्टिलरीत आणि प्रयोगशाळेत शिकाऊ उमेदवार म्हणून मुली घ्याव्यात आणि त्यांना पाळीत काम द्यावे.

चार, २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची समिती नावासकट फाटकावर लावावी. तिच्याकडे शिकाऊ मुलीला आणि ऊसतोड बाईला, दोघींनाही जाता यावे.

पाच, ऊसतोडीच्या तळावर पाणी, शौचालय आणि आडोसा हंगामापूर्वी तयार असावा, आणि बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या नावाने तिच्या खात्यात जमा व्हावी.

मागण्या निवेदनात लिहून तहसील कचेरीत देणे पुरेसे नाही. बारामती-इंदापुरातल्या कित्येक बायांच्या नावावर कारखान्याचा शेअर आहे. सहीपुरत्या का होईना, त्या सभासद आहेत. कारखान्याची वार्षिक सभा साधारणपणे सप्टेंबरअखेर होते. तिथे पुरुष बसतात, भावावर बोलतात, चहा पिऊन उठतात. यंदा सभासद बायांनी तिथे जायचे आणि विचारायचे: आपल्या कारखान्यात एकूण कामगार किती, त्यांत बाया किती, डिस्टिलरीत किती, रात्रपाळीत किती, बायांची शौचालये किती? उत्तर लेखी मागायचे आणि सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यायचे. प्रत्येक गटाने आपापल्या गावातल्या बारावी विज्ञानाच्या मुलींची यादीही करावी. कुणाला काय शिकायचे होते आणि कुणी काय सांगून थांबवले, ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की 'सोय नाही' म्हणजे नेमके कुणाच्या सोयीचे नाही, ते नावानिशी दिसेल. आपले गट हे काम करणार असतील तर पुढल्या अंकासाठी आकडे पाठवा. गळीत सुरू होण्याआधी ते हातात असले, तर कारखान्याच्या फाटकाशी बोलायला आपल्यापाशी नुसती तक्रार नसेल, हिशेब असेल.